तासाला तीस डाव

गोव्यात माणसानं वाटलेल्या पानांवर पैसे लावायचे असतील तर आधी नदीत जावं लागतं. जुगारबंदीचा तिथला कायदा १९७६चा. त्याला १९९२ साली एक पळवाट ठेवली गेली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली. १९९६ साली दुसरी ठेवली आणि किनाऱ्यापासून दूर उभ्या जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांना मुभा मिळाली. ‘किनाऱ्यापासून दूर’ याचा व्यवहारातला अर्थ असा, की पणजीच्या ऐन समोर, मांडवीच्या पात्रात पाच-सहा बोटी नांगर टाकून बसल्या आहेत. त्या कुठंच जात नाहीत. त्या हलवण्याची आश्वासनं मात्र निवडणुकीच्या निवडणुकीला येतात आणि जातात.

गंमत म्हणजे महाराष्ट्रानंही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. केला, आणि कपाटात ठेवला. तो अमलात आल्याची अधिसूचना कधी निघालीच नाही आणि २०२३ साली विधिमंडळानं तो रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षांत एकदाही न वापरलेली वस्तू भंगारात काढावी, तसा. त्यामुळे पुण्यात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाला पोकर समोरासमोर बसून, पोलिसांची धास्ती न बाळगता खेळायचा असेल तर त्यानं रात्रीची गाडी धरावी, हे महाराष्ट्र शासनाचंच धोरण म्हणायचं.

मोबाइलवर खेळत होतो तोवर गाडी धरायची गरज नव्हती. पण ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून चालणारी दोन-पाच रुपयांची टेबलं चार दिवसांत विझली. आमच्या मजल्यावर दुखवटा होता. मोबाइलवरच्या खेळाचा एक गुण मात्र कुणी नाकारणार नाही: तो सगळं लिहून ठेवायचा. किती डाव, किती पानं, कुठं किती लावले, कुठं सोडून दिलं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढी विदा आयती मिळाली की तो जुगार खेळतोय हेच विसरतो. माझ्याकडे हजारो डावांची वही होती आणि त्यावरून मी बरा खेळतो असं दिसत होतं. बारावीच्या मुलांच्या शिकवण्यांचे साठलेले पैसे होते. वय एकवीसच्या पुढे होतं. त्याखाली बोटीवर घेत नाहीत. तेवढं भांडवल घेऊन हिवाळ्यात निघालो.

सरळ पणजीची गाडी न धरता मी निपाणी-आजरा-आंबोलीवरून जाणारी सावंतवाडीची एसटी घेतली. आंबोलीचा घाट गाडीनं पहाटे उतरला तेव्हा बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं आणि आत मागच्या बाकावरच्या एका माणसाचं घोरणं होतं. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर चहा घेतला, राजवाडा उघडेपर्यंत तिथंच बसलो. पत्ते खेळायला जाणाऱ्या माणसानं वाटेत गंजिफा पाहून जावं, असा माझा साधा हिशेब होता.

राजवाड्याच्या दरबारात कारागीर मांडी घालून बसलेले असतात आणि बारीक कुंचल्यानं गोल पानं रंगवत असतात. एका काळी ही कला इथं एखाद्या म्हाताऱ्या चिताऱ्याच्या हातापुरती उरली होती; १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती परत उभी केली. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की अर्ध्या रंगांत दश्शी एक्क्यापेक्षा मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का दश्शीपेक्षा मोठा. आणि डावाला सुरुवात कुणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्यानं, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा ज्याच्याकडे आहे त्यानं. रंगवणाऱ्या बाईंना मी विचारलं, ‘तुम्ही खेळता का?’ त्या म्हणाल्या, ‘रंगवून झाल्यावर डोळे कुठे उरतात खेळायला?’

तिथं एक गोष्ट डोक्यात बसली. गंजिफेत सगळी पानं वाटली जातात आणि डाव संपेस्तोवर सगळी खाली पडतात. एकशेवीसच्या एकशेवीस. मेंढीकोटात तेच, तीनशे चारमध्ये जवळपास तेच, आजोळी सुटीत खेळलेल्या बदाम सातमध्येही तेच. कोण चांगलं खेळलं, कुणी हुकूम वाया घालवला, यावर भांडण करायला पुरावा समोर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं तेही याच धर्तीवर: कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, हातातली पानं धरायची-सोडायची अक्कल लागते. त्याच निकालात तीन पत्तीची गणना मात्र निव्वळ नशिबाच्या खेळांत झाली. पोकर या दोघींच्या मध्ये कुठंतरी लोंबकळतो. किती अंतरावर, हे शोधायला मी निघालो होतो असं म्हटलं तर भारदस्त वाटेल, पण खरं म्हणजे मला जिंकायचं होतं.

बांदा, पत्रादेवीची सीमा, पेडणे, कोलवाळचा पूल, म्हापसा. पर्वरीचा उतार उतरून गाडी मांडवीवर आली की उजव्या हाताला बोटी दिसतात. दुपारच्या उन्हात त्या बऱ्यापैकी केविलवाण्या दिसतात. रंग उडालेला, कपडे वाळत घातल्यासारख्या दिव्यांच्या माळा. अंधार पडला की त्याच माळा पेटतात आणि नदीच्या पाण्यात लाल-निळा-जांभळा चिखल होतो. मला पणजी दिवसाची आवडते. मळ्यातून चालत फोंताइन्याशच्या गल्ल्यांतून जुन्या सचिवालयापर्यंत आलो. तिथं आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली केलेला: एक झगा घातलेला पाद्री हात पसरून खाली झुकलाय आणि समोर एक बाई संमोहित होऊन कोसळतेय. कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन संमोहनाचा आद्य अभ्यासक झाला. पुतळ्याकडे पाठ केली की रस्त्यापलीकडे कॅसिनोंचे धक्के. पुतळा आधीचा, बोटी नंतरच्या, त्यामुळे दोष शिल्पकाराला देता येत नाही.

धक्क्यावर ओळखपत्र पाहतात. गोवेकर असाल तर खेळायच्या दालनात प्रवेश नाही. २०२०पासून हे सक्तीनं बघायला लागले. म्हणजे ज्यांची नदी त्यांना मज्जाव आणि इचलकरंजी, सुरत, बेंगळुरू, दिल्लीच्या लोकांना पायघड्या. छोट्या लाँचनं बोटीवर नेतात. खालच्या मजल्यांवर रूलेटची चाकं, अंदर-बाहर, नाचगाणी, जेवणाच्या रांगा. तिथं आवाज इतका की माणसाला हरल्याचं कळायलाही वेळ लागत असेल. पोकरची खोली वेगळी, आणि शांत. इतकी शांत की परीक्षेच्या हॉलमध्ये उशिरा शिरल्यासारखं झालं. चिप्सचा खळखळाट तेवढा. सगळे नुसते बसल्या बसल्या आपले चिप्स एका हातानं वर-खाली करत असतात. दोन ढीग एकात एक मिसळायचे, पुन्हा वेगळे करायचे, पुन्हा मिसळायचे. खेळाशी त्याचा काहीही संबंध नाही. करमत नाही म्हणून करतात.

करमत नाही याचं कारण सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. टेक्सस होल्डममध्ये प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडी पडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, टर्न, मग शेवटचं, रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून द्यायची. आठ-नऊ जण विचार करणार, डीलर पत्ते पिसणार, पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, मोजणार, कुणाचं तरी पेय येणार. तासाला कसेबसे तीस डाव होतात. मोबाइलवर दोन टेबलं उघडून मी तेवढ्या वेळात सव्वाशे डाव खेळायचो. आणि नीट खेळणारा माणूस तिसांतले पाच-सहाच डाव खेळतो, बाकीचे टाकतो. एक्क्यांची जोडी हातात येण्याचं प्रमाण दोनशे एकवीस डावांत एक. बोटीवर ते साडेसात तासांत एकदा झालं. संध्याकाळी आठला बसलेल्या माणसाला पहाटे साडेतीनला एक्के दिसावेत, तेही सरासरीनं. तोवर त्यानं काय करायचं? चिप्स वर-खाली.

लहानात लहान टेबलावर शंभर रुपयांचे ब्लाइंड होते, म्हणजे डाव सुरू होण्याआधी दोन जणांनी सक्तीनं टाकायची रक्कम. बसायला दहा हजार. प्रत्येक पॉटमधून जहाज आपला वाटा कापून घेतं, त्याला रेक म्हणतात. हा वाटा टक्क्यांत असतो आणि त्याला वरून मर्यादा असते, त्यामुळे एका डावात तो डोळ्यांत भरत नाही. रात्रभरात भरतो. टेबलावर नऊ जणांनी आणलेले पैसे नऊ जणांतच फिरतात, पण प्रत्येक फेरीत थोडे गळतात. सगळे सारखेच हुशार असतील तर सगळेच हरतात. कॅसिनोला म्हणूनच पोकरमध्ये कोण जिंकतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. रूलेटवाल्या मजल्यापेक्षा ही खोली शांत असते त्याला हेही कारण असावं.

पोरसवदा नवखा पाहून माझ्या डाव्या हाताला बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, ‘का रं, शिकतोयस काय?’

‘हो काका. संख्याशास्त्र.’

‘म्हंजे आकडं?’

‘तसंच काहीसं.’

‘मग लाव की आकडं. हितं काय, सगळं आकड्यावरच चाललंय.’ आणि स्वतःच हसले. काकांचे इचलकरंजीला यंत्रमाग होते. दर दोन-तीन महिन्यांनी सूत, वीजबिल आणि घर यांच्यापासून सुटका म्हणून ते इथं यायचे. समोर सुरतचे एक शेठ, टेबलावर ज्यांना सगळे फक्त ‘शेठ’ म्हणत होते. बेंगळुरूचे दोन संगणकवाले कानात गाणी घालून बसले होते. डीलर दार्जिलिंगकडची एक मुलगी होती, वय माझ्याएवढंच. तिच्या हातातून पानं टेबलावर घसरत येताना इतकी खालून यायची की कितीही वाकलं तरी तळ दिसू नये. दर अर्ध्या-पाऊण तासानं डीलर बदलतात. ती उठताना दोन्ही तळहात वर-खाली करून दाखवायची, काही लपवलेलं नाही म्हणून. टेबलावर दुसरं कुणी हे करत नव्हतं.

समोरासमोरच्या खेळाला शिष्टाचार आहेत आणि ते मोबाइलनं शिकवलेले नसतात. तिथं आपली पाळी आली की बटण पेटायचं. इथं उजवीकडच्या माणसानं काय केलं हे बघत राहावं लागतं. तोंडून ‘रेज’ निघालं की निघालं, मागे घेता येत नाही. चिप्स एकदम पुढे ठेवायचे, थोडे टाकून लोकांचे चेहरे बघून आणखी टाकायचे नाहीत. आणि न बोलता एकच मोठा चिप टाकला तर तो फक्त ‘कॉल’ धरतात, म्हणजे आधीच्या रकमेशी बरोबरी. बेंगळुरूवाल्यांपैकी एकाच्या हातात चांगलं पान आलेलं असणार. त्यानं तोऱ्यात हजाराचा चिप फेकला. डीलर शांतपणे म्हणाली, ‘कॉल.’ आणि वरचे पैसे त्याला परत सरकवले. त्यानं कानातली गाणी काढून तक्रार केली, तर काका म्हणाले, ‘तोंड दिलंय की देवानं.’

माणसांच्या हालचालींवरून पानं ओळखण्याचं शास्त्र आहे. माइक कॅरो या अमेरिकी खेळाडूनं १९८४ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध निरीक्षण असं: पैसे लावताना ज्याचा हात थरथरतो तो घाबरलेला नसतो, त्याच्याकडे मोठं पान असतं, ताण सुटतो म्हणून हात कापतो. मी ते वाचून गेलो होतो आणि सगळ्यांचे हात बघत होतो. काकांचा हात प्रत्येक वेळी थरथरत होता. पहिल्या तासात मी त्यांना अतिशय नशीबवान समजलो. दुसऱ्या तासात त्यांनी चहाचा कप उचलला, तोही थरथरत होता.

आता तो डाव, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

मला राण्यांची जोडी आली, इस्पिक आणि चौकट. चारशेपर्यंत वाढवले. काकांनी कॉल केलं. शेठ दोन तास पुतळ्यासारखे बसून होते, त्यांनी अठराशे केले. मी कॉल केलं, काकांनी पानं टाकली. पॉट बेचाळीसशेचा झाला. फ्लॉपवर नव्वी, छक्की, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. माझ्या राण्यांवर काहीच पडलेलं नाही, यापेक्षा चांगला फ्लॉप मागून मिळत नाही. मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे सोडली. शेठनी समोरचे सगळे चिप्स, सात हजार, दोन्ही हातांनी पुढे ढकलले आणि छताकडे बघू लागले.

अठरा हजार दोनशेच्या अंतिम पॉटसाठी मला सात हजार टाकायचे होते. म्हणजे शंभरातून एकोणचाळीस वेळा जरी मी जिंकत असलो तरी कॉल बरोबर. शेठकडे काय असू शकतं? एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते, राजांची सहा प्रकारे. या बारा जोड्यांपुढे माझी अवस्था वाईट, शंभरात नऊ वेळा वाचेन. एक्का-राजा मात्र सोळा प्रकारे बनतो, आणि त्याच्यापुढे मी शंभरात पंचाहत्तर वेळा जिंकतो. शेठ एक्का-राजा घेऊनही दर वेळी असे सगळे पैसे लावत असतील तर माझं प्रमाण सत्तेचाळीसच्या आसपास येतं: कॉल करावा. ते एक्का-राजावर निम्म्याच वेळा असं करत असतील तर पस्तीस: सोडावं. सगळं गणित एका प्रश्नावर येऊन थांबलं, आणि तो प्रश्न गणिताचा नव्हता. सुरतचा एक पन्नाशीचा माणूस, ज्याला मी दोन तास ओळखतो आणि ज्यानं त्या दोन तासांत काहीच केलेलं नाही, तो हातात एक्का-राजा असताना किती वेळा सात हजार रुपये पुढे ढकलतो?

मी राण्या टाकल्या. डीलरनं त्या आपल्या डाव्या हाताखालच्या ढिगात सरकवल्या. शेठनी आपली दोन पानं पालथीच ढिगात लोटली, पॉट ओढला आणि पुन्हा पुतळा झाले. पुढच्या डावासाठी ती सगळी पानं पिसली गेली.

टीव्हीवर पोकर पाहताना हे कधी जाणवत नाही. ब्रिटनच्या चॅनल फोरनं १९९९ साली ‘लेट नाइट पोकर’ सुरू केला तेव्हा टेबलात काचा बसवून खाली कॅमेरे ठेवले होते. बंद पानं प्रेक्षकांना दिसू लागली आणि तिथून हा खेळ बघण्यासारखा झाला. २००३ साली टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन स्पर्धेतून जागा मिळवून लास वेगसच्या जागतिक स्पर्धेत गेला, ८३९ जणांत पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. आमच्या पिढीनं यूट्यूबवर त्याच्या थापा शंभरदा पाहिल्यात, प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची पानं दिसत असताना. म्हणून आपल्याला वाटतं की आपल्यालाही दिसतं. टेबलावर नऊ जणांची अठरा पानं असतात आणि बहुतेक डावांत त्यातलं एकही उघडं होत नाही. मी कुणाच्या पुढे होतो, कुणाच्या मागे, हे ढिगात जातं.

त्यानंतर तासाभरात दुसरा डाव झाला. माझ्याकडे बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी. फ्लॉपवर बदामचा एक्का, बदामची छक्की आणि एक किलवर दुर्री. काकांनी जोरात पैसे लावले. त्यांच्याकडे एक्का आहे हे हात न बघताही कळत होतं. मी होते नव्हते ते सगळे पुढे सारले, ते घाबरून सोडतील या आशेनं, नाही सोडलं तर उरलेल्या नऊ बदामांतला एखादा येईल या आशेनं. काकांनी सोडलं नाही. एक्का-राजा उताणा ठेवला. माझं प्रमाण छत्तीसच्या आसपास होतं, म्हणजे शंभरांतल्या चौसष्ट वेळा मी तिथून उठून जेवायला गेलो असतो. टर्न कोरा गेला. रिव्हरला बदामची चौकी.

टेबल जागं झालं. बेंगळुरूवाला म्हणाला, ‘वेल प्लेड, ब्रो.’ दिल्लीचा एक जण येऊन पाठ थोपटून गेला. काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पोरगं खेळतंय बरं का.’ त्यांचे पाच हजार गेले होते आणि आवाजात कौतुक खरं होतं. राण्या टाकल्या तेव्हा मी जवळजवळ दोन मिनिटं डोकं चालवलं होतं, त्याला साक्षीदार नव्हता. बदाम आला यात माझं काय होतं, तर बदाम आला.

पहाटे खेळ मंदावला तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब मांडला, सवयीनं. पोकरच्या निकालांचं विचलन प्रचंड असतं. शंभर डावांमागे साधारण नव्वद ब्लाइंड धरतात. चांगला खेळाडू, खरोखरचा चांगला, अशा टेबलावर शंभर डावांत दहा ब्लाइंड कमावेल. आठ तासांच्या रात्रीत होतात दोनशे चाळीस डाव. त्यात त्याची अपेक्षित कमाई चोवीस ब्लाइंड, म्हणजे दोन हजार चारशे रुपये. आणि नशिबाचा झोका एकशे चाळीस ब्लाइंडचा, म्हणजे चौदा हजारांचा, कुठल्याही बाजूला. कौशल्याच्या सहापट नशीब. कौशल्य नशिबाच्या गोंगाटातून जेमतेम डोकं वर काढेल, आमचे प्राध्यापक ज्याला दोन सिग्मा म्हणतात, तेवढं व्हायला लागतील सुमारे बत्तीस हजार डाव. तासाला तीस धरले तर एक हजार ऐंशी तास. दर दोन महिन्यांनी एक शनिवार-रविवार येऊन सोळा तास खेळलं तर अकरा वर्षं. तोवर काका सत्तरीला येतील, बेंगळुरूवाले अमेरिकेत जातील, मी स्वतः तो खेळाडू राहिलेला नसेन. नमुना गोळा होईपर्यंत समष्टीच बदललेली असेल.

या खोलीत इतक्या गोष्टी का सांगितल्या जातात, ते मला या हिशेबानंतर उमगलं. नंतरच्या फेऱ्यांतही पाहिलं, प्रत्येक जण सतत जुने डाव सांगत असतो. गेल्या वर्षी एक्क्यांवर कसा मार खाल्ला, दिवाळीत रिव्हरला राजा कसा आला, तो अमुक सीटवर बसला की हरतो, तमुक डीलर आली की पानं फिरतात. काकांनी तर एका विशिष्ट मुलीची पाळी आली की जेवायला उठायचं ठरवून टाकलं होतं. ती बिचारी त्यांना अदबीनं ‘गुड इव्हिनिंग सर’ म्हणायची. मला आधी हे अडाणीपणाचं वाटायचं. पण ज्यांना आयुष्यभर बसूनही आपण चांगले खेळतो की नाही याचा पुरावा मिळणार नाही, त्यांनी काय करावं? मी गणिताच्या भाषेत करतो तेच ते गोष्टींच्या भाषेत करतात, आणि त्यांच्या गोष्टी ऐकायला जास्त बऱ्या असतात.

साडेपाचच्या सुमारास परतीच्या लाँचमध्ये आम्ही तिघं शेजारी आलो: मी, काका, शेठ. गार वारं होतं. पलीकडच्या बेतीहून पहिली फेरीबोट सुटली होती, तिच्यात दोन दुचाकी आणि माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका. मी जिंकून परतत होतो, रक्कम सांगण्याइतकी मोठी नव्हती. मला राहवलं नाही. शेठना विचारलं, ‘शेठ, वो क्वीन्स के टाइम आपके पास क्या था?’

शेठनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. ‘कौन से?’

‘नौ, छह, तीन का फ्लॉप. आपने ऑल-इन किया था.’

‘अच्छा वो.’ शेठ हसले. ‘ए-के था, बेटा. कुछ नहीं था मेरे पास. अच्छा हुआ तूने छोड़ दिया.’

म्हणजे सोळा प्रकारांतला एक. म्हणजे पंचाहत्तर टक्के. धक्का येईपर्यंत मी नदीकडे बघत ते अठरा हजार मोजत होतो. उतरल्यावर शेठ टॅक्सी बघायला पुढे गेले आणि काकांनी मला कोपरानं ढोसलं.

‘शेठला काय इचारलंस?’

‘राण्यांच्या डावाला त्यांच्याकडे काय होतं ते. एक्का-राजा म्हणाले.’

‘हॅ!’ काका म्हणाले. ‘मला मगाशी जेवताना म्हणाले, राजांची जोडी हुती, पोरगं लई हुशार, बरोबर सोडलं.’

मी थांबलो. काका चालतच राहिले, कदंबा स्टँडच्या दिशेनं, हात मागे बांधून.

‘मग खरं काय, काका?’

‘दोन्ही खोटं आसंल. चल बिगीबिगी, सहाची बेळगाव गाडी भरती लवकर.’